लाईट आहे, पण होल्टेज नाही : मोटर जळण्यामागचा साधा हिशेब



आपल्या सोलापूर जिल्ह्यात विहिरीला किंवा बोअरला पाणी असूनही पीक वाळल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ऊस सहा महिन्यांचा झालेला असतो, डाळिंबाचा बहार धरलेला असतो आणि ऐन एप्रिलात मोटर जळते. बोअरमधून पाईप, केबल, मोटर सगळे वर काढायचे, तालुक्याला नेऊन भरून आणायचे, पुन्हा सोडायचे. यात आठ दिवस जातात. पैसे जातात ते वेगळेच. आणि मोटर का जळली असे विचारले तर उत्तर ठरलेले, "होल्टेज नव्हतं."

उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. होल्टेज कमी झाले तर दिवा मिणमिणतो, पण जळत नाही. मग मोटरच का जळते? हे समजायला तीन शब्दांची ओळख करून घ्यावी लागेल : दाब, प्रवाह आणि रोध. मी शेतकीचा माणूस, वायरमन नव्हे. पण ठिबक आणि पाटपाणी ज्याला कळते त्याला विजेच्या या तीन गोष्टी कळायला अडचण पडू नये, असे मला वाटते.

दाब, प्रवाह आणि रोध

माळावर उंच टाकी बांधली आहे आणि तिच्यातून नळीने खालच्या बागेला पाणी सोडले आहे, असे धरा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर जास्त. नळीतून मिनिटाला किती पाणी गेले तो प्रवाह. आणि नळी किती बारीक, किती लांब, आतून किती गाळ धरलेली, त्यावर पाण्याला होणारी अडवणूक ठरते.

विजेचेही असेच आहे. टाकीच्या उंचीसारखा जो जोर, तो विजेचा दाब. त्याला आपण व्होल्टेज म्हणतो आणि व्होल्टमध्ये मोजतो. तारेतून प्रत्यक्ष वाहते तो प्रवाह, म्हणजे करंट. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि तार, सांधा किंवा दिव्यातली बारीक तार त्या प्रवाहाला जी अडवणूक करते तो रोध. त्याचे माप ओहम. शाळेच्या पुस्तकात दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हटलेले असते. मुलांनी विचारले तर गोंधळू नका, गोष्ट तीच आहे.

आपल्या बोलण्यात एक घोटाळा मात्र आहे. "लाईनला करंट आहे" असे आपण म्हणतो तेव्हा म्हणायचे असते की तारेला दाब आहे. स्टार्टर बंद असेल तर तारेत दाब पूर्ण असतो, पण प्रवाह शून्य असतो. व्हॉल्व्ह बंद केलेल्या नळीसारखेच ते. वाट पूर्ण झाली की प्रवाह सुरू. मग ती वाट मोटरमधून पूर्ण होवो की ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून होवो, विजेला त्यात फरक नाही.

पाण्याची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगून ठेवतो. नळी फुटली तर पाणी सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, ती तिथेच दबा धरून बसते. म्हणून तुटून पडलेली तार दिसायला निर्जीव असली तरी तिला हात लावू नये.

या तिघांचे नाते जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडले. हा कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा नियम एका ओळीचा आहे : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब २३० व्होल्ट आणि रोध २३ ओहम असेल तर प्रवाह १० अँपिअर. रोध तोच ठेवून दाब निम्मा केला तर प्रवाहही निम्मा. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट. अपूर्णांक येत नसले तरी हा हिशेब बोटांवर करता येतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. तारेतून प्रवाह गेला की तार तापते. किती तापते ते प्रवाहाला प्रवाहानेच गुणून मग रोधाने गुणले की वॅटमध्ये कळते. "प्रवाहाला प्रवाहाने" हे शब्द विसरू नका. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मोटर जळण्याचे सगळे मूळ या चौपटीत आहे.

केबल बारीक, मोटर लांब

ठिबकच्या लॅटरलचा अनुभव तुम्हाला आहेच. बारीक नळी फार लांब ओढली तर पहिल्या झाडाला भरपूर पाणी पडते आणि शेवटच्या झाडाला थेंब थेंब. दाब वाटेतच खर्च होतो. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. विजेच्या केबलमध्ये नेमके हेच घडते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

उदाहरण घेऊ. पेटी रस्त्याकडेला आहे. तिथून बोअर २०० मीटर आणि बोअरमध्ये मोटर आणखी १०० मीटर खोल. म्हणजे केबल ३०० मीटर. मोटर पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी, तिच्या पट्टीवर १० अँपिअर लिहिलेले. दुकानदाराने तांब्याची अडीच चौरस मिलीमीटरची केबल दिली. (दुकानात हिलाच नुसते "अडीच एमएम" म्हणतात. ही तारेची जाडी नव्हे, तिच्या छेदाचे क्षेत्रफळ.) अशा केबलच्या एका तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. ३०० मीटरला झाला २.२ ओहम. १० अँपिअर वाहिले की एका तारेत २२ व्होल्ट दाब खर्च झाला.

थ्री फेजमध्ये दोन फेजमधला दाब काढताना याला १.७३ ने गुणतात. आणि मोटरमध्ये दाब आणि प्रवाह यांची पावले जुळत नसल्याने पुन्हा साधारण ०.८ ने गुणावे लागते. हिशेब येतो सुमारे ३० व्होल्टचा. म्हणजे पेटीत ४०० व्होल्ट असतील तर मोटरला ३७० मिळतात. पेटीतच ३६० असतील तर मोटरला उरतात ३३०.

हीच केबल सहा चौरस मिलीमीटरची घेतली तर एका तारेचा रोध ०.९ ओहमच्या आसपास येतो आणि दाबाची गळती १३ व्होल्टवर थांबते. लाईन तीच, डीपी तोच, मोटर तीच. फक्त तार जाड केली आणि मोटरला सतराएक व्होल्ट जास्त मिळाले.

गळलेला दाब जातो कुठे? उष्णतेत. अडीचच्या केबलमध्ये तिन्ही तारा मिळून ६६० वॅट जळतात. सहाच्या केबलमध्ये २८० च्या आसपास. आठ तास मोटर चालली तर दिवसाला तीन युनिटांचा फरक. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याच्या योजनेतून मोफत वीज मिळू लागली, त्यामुळे "तीन युनिट गेली तर गेली" असे कोणी म्हणेल. बिलाचा मुद्दा सोडून द्या. खरा तोटा आहे तो मोटरला न मिळालेल्या दाबाचा.

अॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे १.६ पट असतो. तांब्याच्या अडीचचे काम करायला अॅल्युमिनियमची चारची तार लागते. हा हिशेब धरून अॅल्युमिनियम घेतले तर काही बिघडत नाही. न धरता घेतले तर बिघडते.

दाब कमी, मग प्रवाह जास्त कसा?

इथे जाणकारही अडतात. ओहमचा नियम म्हणतो, दाब कमी तर प्रवाह कमी. दिव्याच्या बाबतीत ते खरे आहे. मग कमी होल्टेजला मोटरचा अँपिअरचा काटा वर का चढतो? नियम खोटा पडला काय?

नियम खोटा नाही. मोटर ही नुसती तार नाही, ती काम करणारी वस्तू आहे. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरच्या वाइंडिंगचा स्वतःचा रोध पाहिला तर तो काही थोड्या ओहमचा असतो. ४०० व्होल्टला त्याने भागले तर शेकड्याच्या घरात अँपिअर यायला हवेत. तसे येत नाहीत, कारण मोटर फिरायला लागली की तिच्या आतले चुंबकत्व उलट दिशेचा दाब तयार करते. लाईनचा दाब आत ढकलतो आणि हा उलट दाब बाहेर ढकलतो. दोहोंमध्ये जो थोडा फरक उरतो तेवढ्यावर प्रवाह ठरतो.

आता पंपाला पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे आहे. काम कमी झालेले नाही. दाब कमी झाला की तेवढेच काम करायला मोटर जास्त प्रवाह ओढते. एका बैलाच्या वाट्याचे ओझे दुसऱ्यावर पडावे तसे दाबाचे ओझे प्रवाहावर पडते. ४०० व्होल्टला १० अँपिअर घेणारी मोटर ३३० व्होल्टला साधारण १२ अँपिअर घेते. वाढ दोनच अँपिअरची दिसते, पण प्रवाहाला प्रवाहाने गुणा. १० गुणिले १० म्हणजे १००. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ दीडपट झाली. वाइंडिंगच्या तारेवरचे आवरण आज जळत नाही. ते रोज थोडे करपते आणि एखाद्या दुपारी दोन तारा एकमेकींना लागतात. मोटर "अचानक" जळत नसते.

बारीक केबलचा फास यातच आहे. दाब कमी म्हणून प्रवाह वाढला, प्रवाह वाढला म्हणून केबलमध्ये दाब आणखी गळला, तो गळला म्हणून प्रवाह पुन्हा वाढला. बारीक केबलवाल्या शेतकऱ्याची मोटर शेजाऱ्याच्या आधी जळते ती यामुळे. डीपी दोघांचा एकच असतो.

मोटर अडकली, पंपात वाळू बसली किंवा बेअरिंग धरले की फिरणे थांबते. उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह पाच ते सात पटींवर जातो. चालू करताना पहिल्या काही क्षणांतही असेच होते. ते क्षणभर चालते, मिनिटभर नाही.

एक फेज गेला तरी तीच गत. चालू मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत फिरत राहते आणि त्या दोन तारांतला प्रवाह पावणेदोन पटीपर्यंत किंवा त्याहून वर चढतो. बंद मोटर असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती हूं करते. तसा आवाज आला की दुसऱ्यांदा बटण दाबून पाहू नये. आधी तिन्ही फेज तपासावेत. एक फेज नसताना कंडेन्सर जोडून थ्री फेज मोटर चालवण्याची युक्ती गावोगाव आहे, रात्रीच्या सिंगल फेजवर तर सर्रास. पाणी पडते हे खरे, पण तिन्ही वाइंडिंगना सारखा प्रवाह मिळत नाही आणि मोटर एका अंगाने तापते. माझे मत विचाराल तर एका रात्रीच्या पाण्यासाठी मोटर पणाला लावू नये. एक फेज गेल्यावर मोटर आपोआप बंद करणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर पेटीत बसवून घ्यावे. मोटर भरून आणण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

फ्यूज आणि रिले

फ्यूजची तार मुद्दाम दुबळी ठेवलेली असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तिने आधी वितळावे आणि पुढचे वाचवावे, एवढेच तिचे काम. "सारखा उडतो" म्हणून तिथे जाड तार घालणे म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबणे.

स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचेही तेच. त्याचा काटा मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावायचा असतो. बऱ्याच पेट्यांत तो शेवटच्या आकड्यावर फिरवलेला असतो, किंवा रिलेच तोडून "डायरेक्ट" केलेले असते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये काही जोडण्यांत रिलेतून पूर्ण प्रवाहाच्या ५८ टक्केच प्रवाह जातो. तिथला आकडा वायरमनकडून समजून घ्यावा. अंदाजाने फिरवू नये.

हाताने पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा हा आणखी एक चोर. सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला आणि १० अँपिअर वाहिले, तर त्या बोटभर जागेत ५० वॅट उष्णता होते. डाग देण्याची कानस याहून फार वेगळी तापत नाही. तांबे आणि अॅल्युमिनियम सरळ एकमेकांना पिळले तर सांधा गंजतो आणि रोध वाढतच जातो. दोन्ही धातूंसाठी असलेले थिंबल दाबून बसवावे. पेटीतला कोणता स्क्रू काळा पडला आहे, कोणत्या तारेचे आवरण पिवळे झाले आहे, हे महिन्यातून एकदा मेन स्विच खाली ओढून बघावे. रंग बदललेली जागा म्हणजे रोध वाढलेली जागा.

एका डीपीवर आठ मोटरी

दाब कमी येतो याचा दोष सगळा लाईनवर टाकून मोकळे होता येत नाही. ६३ केव्हीएचा डीपी घ्या. त्याची पूर्ण क्षमता दर फेजला सुमारे ८५ अँपिअर. १० अँपिअरच्या आठ मोटरी चालल्या तर ८०, म्हणजे डीपी काठोकाठ भरला. आता आठही पेट्यांना ऑटो स्विच आहे. रात्री थ्री फेज आली की मालक झोपलेला असतो आणि आठही मोटरी एकाच क्षणी उठतात. उठताना प्रत्येकीला साधारण सहापट प्रवाह हवा. आठ मोटरींचा झाला ४८० अँपिअर. ८५ च्या डीपीवर ४८०! दाब खाली बसतो, म्हणून मोटरी लवकर वेग घेत नाहीत. त्या वेग घेत नाहीत म्हणून प्रवाह उतरत नाही. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळतो. डीपी जळाला की सगळ्यांचेच पाणी बंद.

ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर त्याला वेळ लावण्याची सोय असते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवावे : पहिली मोटर दोन मिनिटांनी, दुसरी चार मिनिटांनी, तिसरी सहा. भांडण न करता झाले तर यासारखा बिनखर्चाचा उपाय नाही.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. मोटरला पाणी उचलायला एक प्रवाह लागतो आणि चुंबकत्व उभे ठेवायला दुसरा. हा दुसरा प्रवाह काम न करता डीपी ते मोटर अशी नुसती ये-जा करतो, तरी तारा तापवतोच. पेटीजवळ कपॅसिटर बसवला की ही ये-जा कपॅसिटर आणि मोटर यांच्यातच राहते आणि लाईनवरचा भार उतरतो. ८ अँपिअर घेणारी मोटर लाईनमधून पावणेसातच्या आसपास घ्यायला लागते. पाच हॉर्सपॉवरला २ केव्हीएआर, साडेसातला ३ केव्हीएआर असे माप चालते. आठपैकी एकट्याने बसवला तर फरक जाणवत नाही, आठांनी बसवला तर डीपीवर एक मोटर कमी झाल्यासारखे वाटते.

दाब वाढवून प्रवाह कमी ठेवायचा, ही युक्ती वीज कंपन्याही वापरतात. तेवढीच वीज दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते. आपल्या जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन, म्हणजे सात लाख पासष्ट हजार व्होल्टची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी तिच्यामुळे दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात जोडले गेले. शेतावर ११ किलोव्होल्टची लाईन आणून एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटा डीपी देण्याची जी एचव्हीडीएस पद्धत महावितरणने २०१८ पासून घेतली, तिच्यामागेही हाच विचार. कमी दाबाची लांब तार जितकी टाळता येईल तितकी बरी.

अंगातून जाणारा प्रवाह

"करंट बसला" हा आपला शब्द मात्र बरोबर आहे. माणसाला मारतो तो प्रवाह, दाब नव्हे. दाब फक्त त्याला ढकलतो. कोरड्या कातडीचा रोध बराच जास्त असतो. हात ओले, पाय चिखलात असले की अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० ला हजाराने भागा. ०.२३ अँपिअर. आकडा बारीक दिसतो, पण याच्या दहाव्या हिश्श्याने हाताची मूठ तारेवर आवळली जाऊन सुटत नाही, आणि ०.०३ च्या वर हृदयाला धोका सुरू होतो. दारे धरताना ओल्या हाताने पेटी उघडणाऱ्याने हा भागाकार आठवावा.

"माझ्या मोटरला अर्थिंग आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्थिंग आहे, पण किती ओहमचे? मुरमाड माळावर दीड फुटात ठोकलेल्या सळईचा रोध उन्हाळ्यात सहज वीस ओहमच्या वर असतो. मोटरच्या किंवा पेटीच्या पत्र्याला फेज लागला असे धरा. २३० ला २० ने भागले की ११.५ अँपिअर. तुमचा फ्यूज १६ चा. तो उडणारच नाही! पत्रा तसाच दाब धरून राहील आणि हात लावणाऱ्याची वाट पाहील. डीपीच्या अर्थिंगचा रोध यात धरलेला नाही. तो धरला तर आकडा आणखी खाली येतो. अर्थिंग ३ ओहमचे असेल तर हाच प्रवाह ७० अँपिअरच्या पुढे जातो आणि फ्यूज तत्काळ उडतो.

म्हणून अर्थिंगचा खड्डा माळावरच्या कोरड्या मुरमात न घेता, जवळपास काळी माती असेल तर तिच्यात किंवा ओल राहील अशा जागी घ्यावा. अडीच-तीन मीटरचा जस्ताचा पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला तोंड. मोटरपासून खड्ड्यापर्यंत ८ नंबरची जस्ताची तार सलग, सांधा नको. फेब्रुवारी ते जून आठवड्याला दोन घागरी पाणी. डाळिंबाला पाणी देताना या खड्ड्यालाही द्यावे, फार मागत नाही तो. आणि एवढे करूनही पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. फ्यूज मोटर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नसतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो आणि ०.०३ अँपिअरचा फरक पडला तरी लाईन तोडतो. जुन्या, ओल धरलेल्या मोटरवर तो वारंवार पडेल. तेव्हा आरसीसीबी काढू नका, मोटर दाखवा.

तुटलेल्या तारेजवळ जनावर आधी का मरते, हे अनेकजण विचारतात. तार जमिनीला टेकते तिथे दाब सर्वांत जास्त आणि जसजसे लांब जावे तसतसा तो कमी होत जातो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय पाच फूट अंतरावर. एका टोकाला जास्त दाब, दुसऱ्याला कमी, आणि प्रवाहाची वाट नेमकी हृदयावरून. जनावर पडले म्हणून धावत जाऊ नये, धावताना आपले पायही लांब पडतात. चुकून जवळ पोचलाच असाल तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून घासत घासत मागे यावे. वीज बंद झाल्याची खात्री महावितरणच्या माणसाकडूनच करून घ्यावी. डीपीवर चढून फ्यूज घालणे, डीओ टाकणे हे शेतकऱ्याचे काम नव्हे, कितीही सवय असली तरी.

मोजून बघा

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे होल्टेज आहे, पण किती आहे ते तो सांगत नाही. १५० व्होल्टलाही तो लागतो. पेटीवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर दोन्ही चालू स्थितीत हवेत. नवी मोटर सोडली त्या दिवशी दोन्ही आकडे पेटीच्या झाकणावर आतून खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावेत. पुढे काटा कुठे हलला ते बघून निदान करता येते. व्होल्ट तेवढेच पण अँपिअर वाढले, तर पंप जड जातो आहे : वाळू, बेअरिंग किंवा वाइंडिंग. व्होल्ट उतरले आणि अँपिअर चढले, तर दाबाचा दोष. व्होल्ट ठीक पण अँपिअर एकदम उतरले, तर पाणी तुटले आणि पंप कोरडा फिरतो आहे. बोअरची पातळी बघायला दोरी सोडण्याआधी काटा सांगतो.

मोटर बंद असतानाचे आणि चालू असतानाचे व्होल्ट पेटीत मोजावेत. बंद असताना ४०० आणि चालू केल्यावर ३५० दाखवत असेल, तर दोष पेटीच्या अलीकडे आहे : लाईन, डीपी किंवा मीटरजवळचा सांधा. तो महावितरणला कळवावा, आकड्यांसह. नुसते "होल्टेज नाही" म्हणण्यापेक्षा आकडे सांगितले की ऐकून घेतले जाते असा अनुभव आहे. पेटीत ३९० टिकत असूनही मोटर तापत असेल, तर केबल बघा.

पाणबुडी मोटर बोअरमध्ये सोडण्यापूर्वी वायरमनकडून दोन मापे घ्यावीत. केबलच्या तीन टोकांपैकी कोणत्याही दोघांमधला रोध तिन्ही वेळा सारखा आला पाहिजे. एक कमी-जास्त असेल तर वाइंडिंग किंवा सांधा बिघडला आहे. आणि मेगर लावून तार ते मोटरचे अंग यांमधला रोध बघावा. हा निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम हवा. इथे रोध जितका जास्त तितका चांगला, कारण या वाटेने प्रवाह जाऊच नये अशी आपली इच्छा आहे. सांधा पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवून मग मेगर लावला तर माप खरे येते. वर कोरड्यात तपासलेले सांधे खाली गेल्यावर फसवतात.

२०१९ च्या पीएम-कुसुम योजनेपासून आणि पुढे २०२४ च्या "मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेतून ज्यांच्या शेतात सौरपंप आले त्यांना होल्टेजची ही कटकट बरीच कमी. तिथे पॅनल एकामागे एक जोडून दाब वाढवलेला असतो, टाक्या एकीवर एक रचाव्यात तसा. साखळीतल्या एका पॅनलवर बाभळीची सावली पडली तर सगळ्या साखळीचा प्रवाह अडतो, कारण सगळ्यांना त्याच एका वाटेने जायचे असते. सकाळी आठ ते संध्याकाळी चार एकाही पॅनलवर सावली येत नाही ना, हे हिवाळ्यात बघावे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने सावली दिसत नाही आणि डिसेंबरात पंप का कमी चालतो ते कळत नाही. पॅनलच्या तारा सूर्य असेपर्यंत जिवंत असतात, स्विच बंद केला तरी. त्यांचे जोड उन्हात सोडवू नयेत.